जबाबदार नवनिर्मितीत मास्टर्स: प्रयोगशाळेतल्या माणसाने करावं का?

अर्धवट_प्रयोग (धागाकर्ती)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

मी पॉलिमरवाली. गेली सहा वर्षं एकच काम: कापडावर आणि कागदावर पाणी-तेल न धरणारे लेप. थेंब मोत्यासारखा घरंगळायला हवा असेल तर फ्लोरिनला पर्याय नाही, हे ऐकतच आम्ही या धंद्यात मोठे झालो. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट की ऊन, पाऊस, जिवाणू, कशालाच दाद देत नाही. गुण तोच आणि दुखणंही तेच. यातली दोन रसायनं, पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये, चिवट प्रदूषकांना बंधनं घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेली. मग धंद्याने काय केलं, तर आठ कार्बनांची साखळी सोडून सहाची नि चारची धरली. ती यादीत नव्हती ना! छोटी साखळी पाण्याबरोबर जास्त लांब जाते आणि सक्रिय कोळशाच्या गाळणीत कमी अडकते, हे काही गुपित नव्हतं.

दीड वर्षापूर्वीची मीटिंग. माझ्या हातात वीस धुण्यांनंतरचा कापडाचा तुकडा. थेंब अजून ऐटीत उभा राहत होता, म्हणजे चाचणी पास. पण तुकड्याचं वजन घटलं होतं, लेपाचा थोडा भाग गेला होता. मी विचारलं, ‘गेलेला भाग कुठे गेला?’ उत्तर आलं, ‘तो या प्रकल्पाचा स्कोप नाही.’ रागाने नाही, अगदी शांतपणे. आणि खरं सांगते, तो माणूस खोटं बोलत नव्हता. प्रकल्पाच्या कागदात तसं काही नव्हतंच. तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय: तो कागद लिहिला जातो तेव्हा खोलीत कोण असतं?

शोधाशोध करताना ‘रिस्पॉन्सिबल इनोव्हेशन’ नावाचं अख्खं क्षेत्र आहे आणि त्यात मास्टर्स, पीएचडी करता येते असं कळलं. अभ्यासक्रमांची पानं वाचली की सगळं फार गोड गोड वाटतं आणि नेमकं काय शिकवतात तेच कळत नाही. कोणी केलंय का? नुसतं तत्त्वज्ञान असतं का? नंतर काम मिळतं का? आणि सगळ्यात मोठी भीती: आपण रसायनशास्त्र विसरून नुसते बोलघेवडे होऊ का?


शून्यगणिती

नीतीची पदवी घेऊन कोणी नीतिमान झाल्याचं ऐकिवात नाही. (हलकं घ्या.)

आता गंभीरपणे. माझा आक्षेप अभ्यासाला नाही, वेगळ्या खात्याला आहे. संस्थेत ‘जबाबदारी’ नावाचं खातं उघडलं की बाकीची खाती निर्धास्त होतात. ‘ते त्या ताई बघतात’ म्हणून मोकळी. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला तेव्हा अंदाजपत्रकाचे ३ टक्के, पुढे ५ टक्के नैतिक, कायदेशीर, सामाजिक प्रश्नांसाठी बाजूला काढले होते. त्या पैशातून चांगलं काम झालं, नाही म्हणत नाही. पण जनुकं वाचणारे एका इमारतीत आणि त्यांच्या परिणामांचा विचार करणारे दुसऱ्या. तुम्ही दुसऱ्या इमारतीत राहायला जाताय, एवढं ध्यानात ठेवा.


नुसतीच_वाचक

वाचनखूण साठवली. माझ्याही मनातला प्रश्न.


शब्दखुळा

अवांतर वाटेल, पण नाही.

‘जबाबदार’ हा शब्द आपण दोन टोकांना वापरतो. ‘मुलगी जबाबदार आहे’ ही स्तुती. ‘अपघाताला जबाबदार कोण?’ हा आरोप. मुळात शब्द साधा आहे, जबाब देणारा. म्हणजे कुणीतरी विचारायला हवं, याला उत्तर द्यावं लागायला हवं, आणि ते नोंदलं जायला हवं. धागाकर्तीच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारला गेला, उत्तरही आलं, पण जबाब कुठे मिळाला?

‘नवनिर्मिती’ मात्र मला खटकतं. ‘नवोन्मेष’ त्याहून जास्त खटकतं, म्हणून गप्प बसतो.


शून्यगणिती

@शब्दखुळा, जबाब नोंदवतात तो अपघात झाल्यावर. त्याला पदवी कशाला, हवालदार पुरे.


खडूस_मास्तर

वरच्या दोघांनी नकळत या विषयाचा पाया घातलाय, म्हणून लिहितो. मी हाच विषय शिकवतो.

हवालदार उशिरा येतो, हेच दुखणं. डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये ते नेमकं पकडलं: तंत्रज्ञान कोवळं असतं तेव्हा वळवणं सोपं असतं, पण परिणाम दिसत नसतात. परिणाम दिसू लागतात तोवर त्यात पैसा, सवयी, कारखाने, नोकऱ्या असं सगळं गुंतलेलं असतं आणि मग ते वळत नाही. या कोंडीला त्यांचंच नाव पडलंय.

शिशाच्या पेट्रोलचं उदाहरण घ्या. टेट्राएथिल लेड घातलं की इंजिनाची ठकठक थांबते, हे कळलं १९२१ मध्ये. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली, तिथे औद्योगिक विषबाधेच्या अभ्यासक डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी धोका स्पष्ट सांगितला. तरी थोडे महिने थांबून विक्री परत सुरू झाली. गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश थांबला २०२१ मध्ये. म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हे खरं नाही. माहीत होतं, पण सांगणाऱ्या बाईंना खोलीत बोलावलं होतं ते फक्त बोलण्यापुरतं. निर्णय दुसऱ्या खोलीत झाला.

या क्षेत्राची आजची भाषा आली ती २०१३ च्या सुमारास. स्टिलगो, ओवेन आणि मॅकनाटन यांनी चार बाबी मांडल्या. माझ्या वर्गात मी त्या अशा सांगतो: पुढचं बघा, स्वतःकडे बघा, बाहेरच्यांना आत घ्या, आणि ऐकल्यावर बदला. पहिल्या तीन सगळ्यांना आवडतात, कारण त्यांवर कार्यशाळा घेता येते. चौथीला कुणी हात लावत नाही, कारण तिथे वेळापत्रक मोडतं. युरोपीय संघाने २०१४ ते २०२० च्या संशोधन कार्यक्रमात हा विषय ठळकपणे घातला, पुढच्या कार्यक्रमात त्याचं वेगळं घर मोडलं आणि तो इतर सदरांत पांगला. निधीच्या तालावर शब्द नाचतात. तुम्ही शब्दाच्या प्रेमात पडू नका, प्रश्नाच्या पडा.

@शून्यगणिती, दोन इमारतींबद्दल शंभर टक्के सहमत. उपाय मात्र दुसरी इमारत पाडणं हा नव्हे, मधलं दार उघडं ठेवणं हा आहे.


अर्धवट_प्रयोग

मास्तर, दंडवत. चौथी बाब मोडकं वेळापत्रक, हे लिहून ठेवलं. पण खरंच कुणी वेळापत्रक मोडल्याचं एक तरी उदाहरण आहे का? की सगळ्या शिशाच्या पेट्रोलच्याच कहाण्या?


खडूस_मास्तर

आहे. स्पाइस. ब्रिटनमधला प्रकल्प. ज्वालामुखीच्या गंधकवायूपासून बनलेले कण जसे सूर्यप्रकाश अडवतात तसे कण वातावरणात वर सोडून पृथ्वी थंड करता येईल का, याचा अभ्यास. त्यात एक छोटी चाचणी होती: एक किलोमीटर उंचीवर फुगा, त्याला नळी, नळीतून थोडं साधं पाणी वर चढवून फवारायचं. पर्यावरणाला धोका जवळपास शून्य.

निधी देणाऱ्यांनी २०११ मध्ये एक स्वतंत्र समिती नेमली आणि पाच अटी घातल्या. चाचणी सुरक्षित आहे का, नियमांत बसते का, या पहिल्या दोन अटी सहज सुटल्या. पुढच्या तीनवर गाडी अडली: हे कशासाठी चाललंय ते लोकांना नीट सांगितलंय का, पुढच्या वापराचा नि परिणामांचा विचार झालाय का, आणि लोकांचं म्हणणं ऐकायची सोय काय. चाचणी पुढे ढकलली. मग तंत्राशी संबंधित पेटंटचा अर्ज झाल्याचं समोर आलं, अशा प्रयोगांना नियमांची चौकट नाही हेही होतंच, आणि २०१२ मध्ये चाचणी रद्द झाली. बाकीचं संशोधन चालू राहिलं.

लक्षात घ्या, पाणी धोकादायक नव्हतं. नळीचं दुसरं टोक कुठे जाणार, हा प्रश्न होता.


शून्यगणिती

म्हणजे निरुपद्रवी पाण्याचा प्रयोग समितीने मारला आणि आपण टाळ्या वाजवायच्या? मला यातून उलटच धडा दिसतो. असंच चाललं तर कुणी काही करूनच बघणार नाही. जिथे हरकत घेणारे कमी तिथे संशोधन निघून जाईल.


तिसरा_बाक

@शून्यगणिती, तुम्हाला उत्तर मास्तर देतील, पण मला आमच्या वर्गातली एक केस आठवली. अमेरिकेतल्या हार्वर्डवाल्या केम्ब्रिज शहराची, १९७६ सालची. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला शास्त्रज्ञांनी एकत्र बसून जनुकजोडणीच्या प्रयोगांना स्वतःच बंधनं घालून घेतली होती. ती परिषद सगळे अभिमानाने सांगतात, पण ती मुख्यतः शास्त्रज्ञांचीच होती. केम्ब्रिजमध्ये महापौर आणि नगर परिषदेने विचारलं, प्रयोगशाळा आमच्या शहरात, मग आम्हाला कोण विचारणार? जास्त धोक्याचे प्रयोग थांबवले आणि सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. शास्त्रज्ञांना वाटलं, आता संपलं.

समितीने महिनोन् महिने बसून विषय शिकून घेतला, साक्षी ऐकल्या आणि १९७७ मध्ये सांगितलं: करा, पण जास्तीच्या खबरदारीसह. त्यावर शहराचा कायदा झाला. पुढे जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या पळाल्या नाहीत, उलट तिथेच येऊन दाटल्या. नियम स्पष्ट होते, हे त्याचं एक कारण सांगतात. एकमेव कारण नव्हे, विद्यापीठं शेजारी होतीच.


शून्यगणिती

ही केस माहीत नव्हती. चांगली आहे. माझा मुद्दा अजून जिवंत आहे, पण जरा लंगडतोय.


तिसरा_बाक

@अर्धवट_प्रयोग, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेमकं काय शिकवतात, तर पहिलं सत्र नुसतं वाचन. आठवड्याला दोनशे पानं. समीकरण एक नाही. पहिल्या निबंधावर शेरा आला होता, ‘तुम्ही वर्णन केलंत, युक्तिवाद कुठे?’ इंजिनिअरांची सगळ्यात मोठी पडझड इथेच होते. आपल्याला आकृती काढून मोकळं व्हायची सवय.

दुसऱ्या सत्रात पद्धती. मुलाखत कशी घ्यायची, निरीक्षणाच्या नोंदी कशा ठेवायच्या, वीस वर्षांपुढची चित्रं कशी रंगवायची, हितसंबंधांचा नकाशा कसा काढायचा. ‘मूल्यसंवेदी रचना’, म्हणजे माणसांची मूल्यं आराखड्यातच धरायची, असा एक प्रकार आहे, १९९० च्या दशकात बाट्या फ्रीडमन यांनी सुरू केलेला. त्याची करून बघायची मजा आली. नेदरलँड्सचे स्मार्ट मीटर त्यात हमखास येतात. वीज कधी किती वापरली ते मीटर ठरावीक अंतराने कळवणार, म्हणजे घरात कोण कधी असतं तेही कळणार. २००९ मध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीचे मीटर फेटाळले आणि ग्राहकाला नकार देता येईल असा बदल करावा लागला. खाजगीपणाचा विचार आराखड्यातच असता तर सगळ्यांची काही वर्षं वाचली असती.

आणि मग माझा आवडता भाग. बारा आठवडे एका खऱ्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचं. एरिक फिशर यांनी रूढ केलेली पद्धत आहे. तुम्ही उपदेश करायचा नाही, तक्रार करायची नाही. फक्त एखादा निर्णय होताना चार गोष्टी विचारायच्या: संधी काय आली, कशाकशाचा विचार केला, दुसरे मार्ग कोणते होते, आणि काय होईल असं वाटतं. दर आठवड्याला तेच.

मी पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांपासून सौरघट बनवणाऱ्या लॅबमध्ये होतो. तिथला एक पीएचडीवाला लेड आयोडाइड डीएमएफ या द्रावकात विरघळवून काचेवर गरगर फिरवून पातळ थर (फिल्म) द्यायचा. डीएमएफ प्रजननाला घातक, हे बाटलीवरच लिहिलेलं. पहिल्या आठवड्यात विचारलं, हाच द्रावक का? म्हणाला, पहिल्या पेपरात होता. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, पर्याय? म्हणाला, डीएमएसओ आहे, पण तो १८९ अंशांना उकळतो, डीएमएफ १५३ ला, फिल्म वाळत नाही नीट. तिसऱ्या आठवड्यात वैतागला. पाचव्या आठवड्यात मी जायच्या आधीच त्याने बाटल्या काढून ठेवल्या होत्या, मिश्रण करून बघत होता. फिल्मवर ठिपके पडले. नवव्या आठवड्यात ठिपके कमी झाले. मग पेपरची मुदत जवळ आली आणि पठ्ठ्या परत डीएमएफवर गेला.

माझ्या मार्गदर्शिकेला मी खजील होऊन सांगितलं, काहीच बदललं नाही. त्या म्हणाल्या, त्याची वही बघ. वहीत मिश्रणाची चार पानं होती, कारणांसकट. पुढच्या वर्षी आलेल्या मुलीने तिथूनच सुरुवात केली.


नुसतीच_वाचक

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना.


ओळंबा

वैद्यकीय उपकरणांत आहे, म्हणून ‘बाहेरच्यांना आत घ्या’ यावर दोन शब्द.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर सगळ्यांनी पाहिलाय. तत्त्व १९७० च्या दशकातलं, ताकुओ आओयागी यांचं. प्रकाश बोटातून आरपार जातो, किती शोषला त्यावरून ऑक्सिजन. आता त्वचेचा रंगही प्रकाश शोषतो. काळ्या रुग्णांमध्ये आकडा चुकतो असं १९९० मध्येच छापून आलं होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत झालं होतं, काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के. मधे तीस वर्षं गेली.

कारण दुष्टपणा नाही. कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्राचा आकडा माणसांवर जुळवून घेताना, खुर्चीत कोण बसतं ते बघा. अमेरिकेच्या नियामकाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत निदान दहा निरोगी माणसं आणि त्यांत गडद त्वचेची किमान दोन किंवा १५ टक्के, यांतली जी संख्या जास्त ती, एवढीच अपेक्षा होती. दहात दोन. आमच्याकडे खुर्चीत बसायचे ते आमच्याच मजल्यावरचे लोक, कारण ते पटकन येतात. मीही बसलोय. त्या खुर्चीत बसून एकदाही डोक्यात आलं नाही की इथे दुसरं कुणीतरी असायला हवं होतं.

धागाकर्तीचा ‘खोलीत कोण असतं’ हा प्रश्न आमच्याकडे शब्दशः खुर्चीचा प्रश्न आहे.


जुना_खेळाडू

छान चाललंय, पण पोटापाण्याचं कुणी बोलत नाहीये. मी बोलतो, वाईटपणा घेतो.

एक. ‘जबाबदार नवनिर्मिती अधिकारी’ अशा पाटीचं पद शोधाल तर निराश व्हाल. काम आहे, पण ते दुसऱ्या नावांनी आहे: संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था, नियामक मंजुरीची कामं, मानकं ठरवणाऱ्या समित्या, विद्यापीठांची संशोधन कार्यालयं, तंत्रज्ञान-मूल्यांकनाच्या संस्था. नेदरलँड्समध्ये १९८६ पासून अशी एक संस्था संसदेसाठी काम करते, आज ती राथेनाऊ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या काँग्रेसचं असंच कार्यालय १९७२ मध्ये स्थापन झालं आणि १९९५ मध्ये बंद झालं. यावरून या क्षेत्राचं हवामान ओळखा.

दोन. मोठ्या कंपन्यांत या नावाची पथकं असतात. मी एका पथकात होतो. कपात आली तेव्हा यादीत आम्ही वरच होतो. आमचा अहवाल चांगला होता असं सगळे म्हणाले, निरोप समारंभात.

तीन, आणि हे महत्त्वाचं. त्या कपातीत ज्यांना लगेच दुसरीकडे घेतलं ते सगळे हाताला काही येणारे होते. कुणी विषशास्त्र जाणणारी, कुणी विदा (डेटा) तपासू शकणारा. नुसते चौकट-चौकट करणारे आम्ही सहा महिने घरी. रसायनशास्त्र विसरण्याची भीती वाटते म्हणालात ना, ती भीती जपून ठेवा.

पीएचडीची घाई नको. आधी मास्टर्स, तेही शक्यतो एखाद्या तांत्रिक विभागाशी जोडलेला प्रबंध करून.


अर्धवट_प्रयोग

@जुना_खेळाडू, वाईटपणा नाही, हेच हवं होतं. @तिसरा_बाक, कुठे कुठे बघू ते सांगाल का? व्यक्तिगत निरोप केला तरी चालेल.


तिसरा_बाक

इथेच लिहितो, इतरांनाही उपयोग होईल. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाला ‘फिलॉसॉफी ऑफ सायन्स, टेक्नॉलॉजी अँड सोसायटी’ आहे, दोन वर्षांचं, इंजिनिअरांना तत्त्वज्ञान पचवायला लावण्याचा त्यांना जुना सराव. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात ‘रिसेट’ आहे, त्याच्या नावातच विज्ञान-अभियांत्रिकीतली जबाबदारी आहे. एडिनबर्गला एक वर्षाचं ‘सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन सोसायटी’. व्हिएन्नाला विज्ञान-तंत्रज्ञान-समाज (एसटीएस) या विषयाचं मास्टर्स. धोरणाकडे ओढा असेल तर ससेक्स विद्यापीठाचं विज्ञान-धोरण केंद्र स्प्रू, १९६६ पासूनचं. पुढे पीएचडीच करायची झाली तर अ‍ॅरिझोना स्टेट, वर लिहिलेल्या बारा आठवड्यांच्या पद्धतीचे फिशर तिथलेच.

नावावर जाऊ नका. शिकवणारे कोण आणि गेल्या दोन वर्षांतले प्रबंध कशावर होते, एवढं बघा. सगळे प्रबंध कृत्रिम बुद्धिमत्तेवर असतील तर तुमच्या फ्लोरिनला मार्गदर्शक मिळणार नाही. सध्या ही साथ सगळीकडे आहे.


शब्दखुळा

साथ! योग्य शब्द.


अर्धवट_प्रयोग

आठवडाभराने परत आले. अर्जासोबतच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद टाकतेय. फाडा.

‘शाश्वत आणि समावेशक तंत्रज्ञानाच्या माध्यमातून समाजात सकारात्मक बदल घडवण्याची मला तीव्र इच्छा आहे. साहित्यविज्ञानातील सहा वर्षांच्या अनुभवातून मला जाणवले की नवनिर्मिती आणि जबाबदारी यांचा मेळ घालणे ही काळाची गरज आहे.’


खडूस_मास्तर

दरवर्षी असे दोनेकशे वाचतो. तिसऱ्या शब्दाला झोप येते. तुमच्या हातात कापडाचा तुकडा होता, तो कुठे हरवला?


शब्दखुळा

‘काळाची गरज’ दिसलं की मी पान उलटतो. क्षमस्व.


शून्यगणिती

मला एक विचारायचंय, पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. गेलेला भाग कुठे गेला, असं तुम्ही मीटिंगमध्ये विचारलंत. स्कोप नाही असं त्यांनी सांगितलं. ठीक. पण धुण्याचं पाणी तुमच्याच लॅबमध्ये होतं ना? ते तपासलंत का?


अर्धवट_प्रयोग

दोन दिवस उत्तर लिहीत आणि खोडत होते.

नाही तपासलं. वीस धुण्यांचं पाणी मीच सिंकमध्ये ओतलं होतं. दर वेळी यंत्राचं भांडं रिकामं करायचं, विसळायचं आणि पुढचं धुणं लावायचं, हे माझंच काम होतं. पाणी ठेवून द्या असं चाचणीच्या पद्धतीत कुठे लिहिलेलं नाही आणि मलाही सुचलं नाही. प्रश्न सुचला तो तुकड्याचं वजन केल्यावर, तोवर सिंक कोरडं झालं होतं. इतके दिवस मी ही गोष्ट ‘त्यांनी मला गप्प केलं’ अशीच सांगत आले. इथेही तशीच सांगितली.


खडूस_मास्तर

हा झाला पहिला परिच्छेद. याला आता हात लावू नका.


शून्यगणिती

मी टोचायला विचारलं होतं, पण उत्तर वाचून गप्प झालो. पदवीला माझा विरोध मागे. खात्याला अजून आहे.


ओळंबा

पुढच्या वेळी पाणी ठेवणार असाल तर एक सूचना. काचेची बाटली नको, काही संयुगं काचेला चिकटून बसतात आणि आकडा कमी येतो. पॉलिप्रॉपिलिनची घ्या. आणि झाकणाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर नाही ना ते बघा, नाहीतर झाकणातलंच फ्लोरिन मोजत बसाल. कोरी बाटली नुसतं शुद्ध पाणी भरून सोबत पाठवा, तुलनेला. एकेक संयुग शोधण्याआधी एकूण सेंद्रिय फ्लोरिन मोजून घ्या, यादीत नसलेलीही त्यात सापडतात.


अर्धवट_प्रयोग

धन्यवाद. नव्या बॅचच्या धुण्याची पाळी माझीच आहे. पहिलं, पाचवं, दहावं आणि विसावं धुणं, प्रत्येकी एक लिटर, आणि एक कोरी. पाच बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्यात. एकूण फ्लोरिन मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, बाहेर पाठवावं लागेल आणि त्यासाठी सही लागेल. सही ज्यांची लागेल त्यांच्याकडे उद्या जातेय. स्कोपचा कागद तेच लिहितात.